दम लागत नाही, नडगी मात्र दुखते

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते आहे आणि पळणाऱ्यांच्या गप्पांत तिचं नाव निघतं ते चढासाठी. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि तिथून माघारी फिरून पुन्हा गावात यायचं, एकूण २१ किलोमीटर. घाटात भल्याभल्यांचा दम निघतो. पण पायांची खरी वाट लागते ती उतरताना, आणि त्या वेळी ते कुणाला कळतही नाही. उलट घड्याळातला वेग बघून हुरूप येतो. कळतं ते सोमवारी, ऑफिसचा जिना उतरताना. चढताना विशेष काही वाटत नाही. उतरताना मात्र कुणी कठडा घट्ट धरतं, कुणी अंग आडवं करून उतरतं, कुणी तर चक्क उलटं उतरतं.

याचं कारण साधं आहे. चढावर मांडीचा स्नायू आखडून शरीर वर ढकलतो. उतारावर तोच स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणजे ताण धरून ठेवत ठेवत लांबतो. या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही. पण स्नायूचे तंतू जागोजागी बारीक उसवतात. हे दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि आपसूक ओसरतं. शिवाय काही आठवड्यांच्या आत पुन्हा उतार पळलं, तर तेवढं दुखत नाही. स्नायू शहाणा होतो.

म्हणजे दम एक सांगत असतो आणि पाय दुसरंच. हौशी पळणाऱ्यांची बहुतेक दुखणी या दोघांच्या चुकलेल्या ताळमेळातून येतात.

समजा, चाळिशी ओलांडलेला एक बँक कर्मचारी जुलैत पळायला लागला. पहिल्या दिवशी सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाईतो त्याला धाप लागते. कुणीतरी त्याला सांगतं, मिनिटभर पळा, दीड मिनिट चाला. ही युक्ती नवी नाही. जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये आपल्या पन्नाशी उलटलेल्या आईसारख्यांना डोळ्यांपुढे ठेवून नऊ आठवड्यांत पाच किलोमीटरचा आराखडा तयार केला, तो असाच पळणं-चालणं मिसळलेला होता. आपल्या बँकवाल्यालाही तो मानवतो. दोन-तीन आठवड्यांत त्याला स्वतःचं नवल वाटू लागतं.

त्या नवलाच्या मागे बरंच काही घडलेलं असतं. रक्तातला पातळ द्रव पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून तेवढ्याच वेगाला ठोके कमी पडतात. मग स्नायूंच्या आतली व्यवस्था बदलते. सेंट लुईसच्या जॉन होलोसी यांनी उंदरांना बारा आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि १९६७ मध्ये दाखवून दिलं, की त्यांच्या स्नायूंची प्राणवायू वापरण्याची ताकद सुमारे दुप्पट झाली आहे. शाळेच्या पुस्तकात ज्यांना तंतुकणिका म्हणतात, त्या मायटोकाँड्रियांची ही करामत. गंमत म्हणजे, यातला बराचसा फायदा बोलता बोलता जमेल अशा सावकाश पळण्यातूनच मिळतो. पण बोलत पळणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. विशेषतः मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आपला वेग शेजाऱ्यालाही दिसत असेल तेव्हा.

हाडांचं घड्याळ मात्र वेगळं चालतं.

१८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टराने सैनिकांच्या पावलांच्या एका चमत्कारिक दुखण्याची नोंद केली. मार लागलेला नाही, पडलेले नाहीत, तरी कवायत करता करता पाय सुजतो आणि टेकवत नाही. एक्स-रेचा शोध लागल्यावर कळलं, की पावलाचं हाड चिरलेलं असतं. त्याला पुढे ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव पडलं. आज मॅरेथॉनच्या तयारीत होणारं स्ट्रेस फ्रॅक्चर हे त्याचंच भावंड.

घराचा जुना गिलावा दुरुस्त करायचा तर गवंडी आधी तो खरवडून काढतो आणि मग नवा थापतो. हाडाचंही तसंच आहे. भार वाढला की काही पेशी थकलेला भाग कोरून काढतात आणि त्यांच्या मागून येणाऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. कोरण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. भरून पक्कं व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे नव्याने पळू लागलेल्या माणसाचं हाड मधल्या काळात बळकट होण्याऐवजी थोडं कमजोर झालेलं असतं. नेमका त्याच सुमारास दम सुधारलेला असतो आणि मित्र विचारतात, रविवारी दहा करायचे का? वजन उतरवायचं म्हणून पळणं वाढवून जेवण तोडणाऱ्यांचे हाल आणखी वाईट, कारण नवं हाड भरायला लागणारी सामग्रीच येत नाही. अशात एखादीची पाळी लांबली किंवा थांबली, तर ती हाडांकडून आलेली सूचना समजावी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठावं.

टाचेच्या वरच्या जाड दोरीचं, म्हणजे अकिलिस टेंडनचं, प्रकरण त्याहून हट्टी. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला आणि त्या काळात वाढणाऱ्या प्रत्येक शरीरात तो शिरला. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्याच खुणेवरून टेंडनचं वय मोजलं. गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही, असं त्यांना आढळलं. पुढेही भार देऊन दोरी थोडी ताठ करता येते, पण मूळ पीळ पोरवयातलाच राहतो.

माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांचं उदाहरण इथे आठवतं. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ पासून सलग तीन वर्षं त्या पहिल्या आल्या. मग त्यांनी स्टीपलचेस धरली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. त्यांची जिद्द आणि प्रशिक्षण वेगळं काढता येणार नाही, पण लहानपणापासून धावत आलेले पाय ही ठेव त्यांच्याकडे आधीच होती. खुर्चीतून उठून चाळिशीत पळायला लागणाऱ्याकडे ती नसते. असल्या ठेवीच्या जोरावरचे आराखडे त्याने जसेच्या तसे उचलू नयेत, एवढाच याचा अर्थ.

आता दुखण्यांकडे. सर्वांत जास्त भेटतो तो रनर्स नी, म्हणजे गुडघ्याच्या वाटीभोवतीचं दुखणं. जिना उतरताना ते जाणवतंच, पण तीन अंकी नाटक बघून खुर्चीतून उठताना हमखास जाणवतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक किलोमीटरला सुरी टोचावी तसं दुखू लागलं तर तो बहुधा आयटी बँड. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते आणि चालल्यावर कमी होते, तो तळव्याच्या पट्ट्याचा, प्लांटर फॅशियाचा ताण.

नडगीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथे गफलत महागात पडते. आतल्या कडेने चांगलं वीतभर दुखत असेल, गरम झाल्यावर कमी होत असेल, तर ते शिन स्प्लिंट्स असण्याचा संभव जास्त. पळणं कमी केलं, पोटऱ्या बळकट केल्या, की बहुतेकदा निभतं. पण एका बोटाच्या टोकाखाली मावेल एवढीच जागा दुखत असेल, पळताना दुखणं वाढत जात असेल, रात्री अंथरुणात ठणकत असेल, तर पळणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बारीक चीर दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या एका वाक्यावर पुन्हा बूट बांधून तीच चीर मोठी करून घेणारा पळणाऱ्यांच्या प्रत्येक गटात एखादा तरी सापडतो.

टेंडनवरचा उपाय ज्या तऱ्हेने सापडला, ती कथा कुणी रचली असती तर खोटी वाटली असती. स्वीडनच्या उमिओ शहरातले हाडांचे सर्जन हाकान आल्फ्रेडसन स्वतः पळत आणि त्यांचा अकिलिस टेंडन दुखत असे. शस्त्रक्रिया करून घ्यावी, तर वरिष्ठ परवानगी देईनात. दोरी तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, असा हिशेब करून त्यांनी दुखऱ्या पायावर मुद्दाम भार द्यायला सुरुवात केली. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं आणि टाच सावकाश खाली सोडायची, दिवसात अनेकदा. दोरी तुटली नाही, उलट दुखणं गेलं. १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी धावकांवर बारा आठवडे केलेल्या या व्यायामाचे निष्कर्ष छापले आणि तेव्हापासून जगभरचे फिजिओथेरपिस्ट रुग्णांना पायरीवर उभं करतात. रोज १८० वेळा टाच सोडायची असते, म्हणून कंटाळा हा या उपचाराचा खरा शत्रू. यवतेश्वरच्या उतारावर मांडी उसवणारी क्रिया आणि इथे टाच बरी करणारी क्रिया एकाच जातीची, ताण धरून लांबण्याची. फरक मात्रेचा आणि वेगाचा.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक इशारा मात्र आकड्यांवर टिकत नाही: पळून गुडघे झिजतील. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गुडघा आणि खुब्याची झीज हौशी पळणाऱ्यांत ३.५ टक्के, न पळणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पळणाऱ्यांत १३.३ टक्के आढळली. ज्यांचे गुडघे चांगले, तेच पळत राहतात, हा भाग यात असणारच. तरी हौशी पळण्याला झिजेचा दोष देण्याजोगं त्यात काही दिसत नाही.

मग वाढवायचं किती? आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त नको, हा जुना नियम सगळ्यांना पाठ असतो. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनमध्ये ५३२ नवख्यांवर तो पारखला, तेव्हा दहा टक्क्यांनी वाढवणारे आणि भरभर वाढवणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण दुखावला. २००८ चा हा निकाल अनेकांना पचला नाही. २०२५ मध्ये पाच हजारांवर धावकांची घड्याळं तपासल्यावर त्याचा थोडा उलगडा झाला. आठवड्याची बेरीज किती वाढली, यापेक्षा एखाद्या दिवशी माणूस गेल्या तीस दिवसांतल्या आपल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या किती पुढे गेला, यावर दुखापतीचा धोका जास्त ठरत होता. दहा टक्क्यांच्या वर गेलं की तो वाढत होता आणि दुपटीच्या वर दुप्पट-अडीचपट होत होता.

आपल्याकडे हा दिवस बहुधा दिवाळीनंतरच्या रविवारी उगवतो. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत, तयारी पावसाळ्यापासून चाललेली. मध्ये ऑक्टोबरच्या उकाड्याने लांब पल्ले आखूड होतात, मग फराळ, पाहुणे, गावाकडची फेरी. भाऊबिजेनंतर वेळापत्रक उघडलं की लाल अक्षरात २५ किलोमीटर लिहिलेले असतात आणि गेल्या महिनाभरातला मोठा पल्ला निघतो १२ चा. चकल्यांचं पाप फेडायचं, या भावनेने लोक त्या दिवशी २५ करतात. करवतातही, कारण दम जुलैपासून जमलेला असतो आणि आठ-दहा दिवसांत तो कुठे जात नाही. वर सांगितलेल्या हिशेबाने त्या रविवारी १३ करायला हवेत, पुढच्या रविवारी १४. मग जानेवारीपर्यंत आकडा पुरा पडत नाही, तेव्हा पूर्ण मॅरेथॉनऐवजी हाफवर समाधान मानावं लागतं, किंवा पेडर रोडचा चढ आला की लाज न बाळगता चालावं लागतं. तिथे चालणाऱ्यांची संख्या दरवर्षी चांगलीच असते.