जुना लोहमार्ग, नवी पाऊलवाट : अटलांटा शहराच्या पर्यावरण पाहणीचा बोध

शहर वाढू लागले की त्याच्या पोटातील काही जुन्या वाटा निरुपयोगी ठरतात. ज्या रुळांवरून एके काळी मालगाड्या धावत, त्या रुळांवर गवत माजते, कडेची गोदामे ओस पडतात आणि वस्तीच्या मधोमध जमिनीचा एक लांबट पट्टा कोणाचाच नसल्यासारखा पडून राहतो. हा प्रश्न आपल्याकडेही अपरिचित नाही. शिंदे सरकारच्या काळी घातलेला आणि ग्वाल्हेर शहराच्या वस्तीतून जाणारा दोन फूट रुंदीचा छोट्या गाडीचा लोहमार्ग २०२० पासून बंद आहे. अशा पट्ट्यावर पुन्हा प्रवासी गाडी आणावी, की चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी वाट करावी, की दोन्ही एकत्र नांदवावीत? आणि हे ठरविण्यापूर्वी कोणाकोणास विचारावे?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा या शहराने या प्रश्नाचे उत्तर शोधताना नियोजनाची व पर्यावरण पाहणीची जी रीत अवलंबिली, ती सोप्या शब्दांत समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्या रीतीने काय साधले आणि काय निसटले, या दोन्ही गोष्टी पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रबंधातून आलेली कल्पना

अटलांटा हे मुळात रेल्वेमुळे वसलेले शहर. तेथील यादवी युद्धानंतरच्या काळात शहराच्या मध्यभागाला वळसा घालणारे काही लोहमार्ग निरनिराळ्या कंपन्यांनी बांधले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवाहतूक रस्त्यांवर गेली आणि यांतील बरेचसे मार्ग ओसाड पडले. १९९९ साली रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने जॉर्जिया टेक या संस्थेत पदव्युत्तर पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात अशी कल्पना मांडली की, हे विखुरलेले तुकडे जोडून सुमारे २२ मैलांचे, म्हणजे ३५ किलोमीटरांचे एक वर्तुळ करावे आणि त्यावर प्रवासी रेल्वे चालवावी. पुढे या कल्पनेत पाऊलवाट, उद्याने व परवडणारी घरे यांची भर पडली. ४५ वस्त्यांना स्पर्श करणारी ही योजना आज ‘अटलांटा बेल्टलाइन’ या नावाने ओळखली जाते.

प्रबंध कपाटात राहिला असता. परंतु नगरसभेतील काही सदस्यांनी व वस्त्यावस्त्यांतील नागरिकांनी तो उचलून धरला. सभा झाल्या, नकाशे भिंतींवर लागले, आणि २००५ साली नगरसभेने योजनेस व तिच्या अर्थव्यवस्थेस मान्यता दिली.

आधी पाहणी, मग बांधणी

अमेरिकेत १९६९ साली संसदेने राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा संमत केला व १ जानेवारी १९७० रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर असे : केंद्र सरकारचा पैसा वा परवानगी ज्या मोठ्या कामास लागते, त्याचे परिणाम कामापूर्वी तपासावेत आणि ते लोकांसमोर उघड मांडावेत. हा कायदा एखादे काम करा किंवा करू नका असे सांगत नाही. जे करावयाचे ते डोळे उघडे ठेवून करा, एवढेच तो सांगतो.

बेल्टलाइनच्या रेल्वेसाठी केंद्रीय निधी मिळवावयाचा होता, म्हणून ही पाहणी आवश्यक ठरली. केंद्राचे वाहतूक प्रशासन आणि ‘मार्टा’ ही अटलांटाची सार्वजनिक वाहतूक संस्था यांनी २००८ साली तिचा प्रारंभ केला. या पाहणीच्या पायऱ्या वाचकांनी ध्यानात घ्याव्यात, कारण जगात बहुतेक ठिकाणी क्रम थोड्याफार फरकाने हाच असतो.

पहिली पायरी व्याप्ती ठरविण्याची. कोणते प्रश्न तपासावयाचे, हे अधिकाऱ्यांनी बंद खोलीत न ठरविता नागरिकांना विचारून ठरवावयाचे. दुसरी पायरी गरज सांगण्याची. हे काम कशासाठी, याचे उत्तर स्पष्ट शब्दांत द्यावयाचे. तिसरी पायरी पर्यायांची, आणि हाच पाहणीचा गाभा होय. या पर्यायांत ‘काहीच न करणे’ हाही एक पर्याय मांडावाच लागतो. कारण तो समोर असल्यावाचून करण्यातील लाभ-हानी मोजता येत नाही. चौथी पायरी मसुद्याची. मसुदा प्रसिद्ध करून त्यावर हरकती व सूचना मागवावयाच्या. त्या काळच्या नियमांप्रमाणे यासाठी किमान ४५ दिवस देणे बंधनकारक होते. पाचव्या पायरीवर अंतिम अहवालात त्या हरकतींना उत्तरे द्यावयाची आणि शेवटी निर्णयाची कारणांसह लेखी नोंद करावयाची. बेल्टलाइनचा मसुदा २०११ साली आणि अंतिम अहवाल व निर्णय-नोंद २०१२ साली प्रसिद्ध झाली.

दोन टप्प्यांची युक्ती

येथे एक व्यावहारिक अडचण होती. ३५ किलोमीटरांच्या मार्गावरील प्रत्येक थांबा, प्रत्येक पूल आणि प्रत्येक घरापाशी होणारा आवाज तपासावयाचा तर अनेक वर्षे लागली असती. आणि रेल्वेसाठी पुरेसा पैसा तर हाती नव्हता. दरम्यान जमिनीचे भाव वाढत होते. ईशान्येकडील पट्टा एका खासगी विकासकाच्या हाती गेला होता आणि तो सार्वजनिक मालकीत आणण्यासाठी मोठा दाम मोजावा लागला. थांबावे तर जमीन जाणार, घाई करावी तर पाहणी अपुरी राहणार, असा हा पेच होता.

त्यावर उपाय म्हणून पाहणीचे दोन टप्पे करण्यात आले. पहिल्या टप्प्यात केवळ मूलभूत प्रश्न सोडविले : पट्टा कोठून कोठे जाईल, किती रुंदी राखावी लागेल, गाडी कोणत्या जातीची असेल, आणि रेल्वे व पाऊलवाट शेजारी शेजारी राहू शकतील काय. वाहन म्हणून आधुनिक ट्रामची निवड झाली. वायव्य भागात मालगाड्या अद्याप धावत असल्याने तेथील मार्ग ठरविणे सर्वांत कठीण होते; म्हणून त्या भागासाठी अनेक पर्यायी रेषा तपासण्यात आल्या. थांब्यांची नेमकी जागा, आवाज, कंपने इत्यादी तपशील दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे त्या त्या तुकड्याचे काम निघेल त्या वेळेवर सोपविले गेले. शेतकरी जसा पेरणीपूर्वी आधी बांध घालून घेतो, तसाच हा प्रकार होय. कोणते पीक केव्हा घ्यावे हे पुढे ठरेल. पण शेताची हद्द आधी राखली पाहिजे.

पाहणीत काय पाहिले जाते

‘पर्यावरण’ म्हणजे केवळ झाडे व नद्या, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः अशा पाहणीत माणसाच्या भोवतीचे सर्व काही येते. जुन्या लोहमार्गालगतच्या जमिनीत कारखान्यांचे व रेल्वेचे विषारी अवशेष मुरलेले असू शकतात. ती माती हलविण्यापूर्वी तपासावी लागते. पावसाचे पाणी कोठून वाहते व कोठे तुंबते, हे पाहावे लागते. १९६६ च्या दोन कायद्यांमुळे ऐतिहासिक वास्तू व सार्वजनिक उद्याने यांची स्वतंत्र छाननी करावी लागते. शिवाय १९९४ च्या एका अध्यक्षीय आदेशानुसार गरीब व अल्पसंख्य वस्त्यांवर अधिक बोजा पडतो काय, हेही त्या वेळी तपासावे लागे. तो आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द करण्यात आला.

पाण्याचा विचार नियोजनात आधीच केल्यास काय लाभ होतो, याचे उदाहरण या मार्गालगतच पाहावयास मिळते. ‘हिस्टॉरिक फोर्थ वॉर्ड’ या सखल भागात पावसाचे पाणी तुंबत असे. ते वाहून नेण्यासाठी जमिनीखाली मोठा बोगदा खणण्याऐवजी तेथे एक तळे राखून भोवती उद्यान करण्यात आले. पूर नियंत्रणात आला, खर्च वाचला आणि मुलांना खेळावयास जागा मिळाली.

पैसा आणि त्याचा पेच

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. या योजनेसाठी नगरसभेने मार्गालगतची सुमारे ६,५०० एकर जमीन ‘करवाढ क्षेत्र’ म्हणून घोषित केली. योजनेमुळे तेथील मालमत्तांची किंमत वाढेल, किमतीबरोबर कर वाढेल आणि कराची ही वाढ २०३० पर्यंत योजनेवरच खर्च होईल, अशी ही व्यवस्था आहे. २००८ च्या फेब्रुवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या वाट्याचा कर असा वापरता येणार नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून ती वाट मोकळी केली. मधल्या काळातील आर्थिक मंदीनेही अपेक्षित उत्पन्न घटले.

परंतु खरा पेच निराळाच आहे. जमिनीचे भाव वाढले तरच योजनेस पैसा मिळतो. आणि भाव वाढले की तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूचे भाडे व गरीब घरमालकाचा कर वाढतो. ज्यांच्या वस्तीसाठी वाट केली, त्यांनाच तेथे राहणे जड होते. ही गोष्ट आरंभी कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. कर्जरोख्यांच्या रकमेतील १५ टक्के भाग परवडणाऱ्या घरांसाठी राखून ५,६०० घरांचे लक्ष्य ठेवले होते. तथापि पहिल्या दशकात घरांचे काम पाऊलवाटेच्या मागे पडले. २०१६ साली खुद्द ग्रॅव्हेल यांनी याच कारणास्तव बेल्टलाइनशी संलग्न संस्थेच्या संचालकपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर उपायांना वेग आला. २०१८ पासून या परिसरात भाड्याच्या नव्या मोठ्या इमारतींमध्ये काही घरे बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखणे सक्तीचे झाले, आणि जुन्या घरमालकांना वाढीव करापासून दिलासा देणारी योजनाही आली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भाडेवाढीसारख्या अप्रत्यक्ष परिणामांची नोंद पाहणी-अहवालात करता येते, पण ती रोखण्याची ताकद अहवालात नसते. त्यासाठी वेगळा निर्णय व वेगळी तरतूद वेळीच करावी लागते.

वाट आली, गाडी राहिली

पाऊलवाटेचा पूर्वेकडील भाग २०१२ साली खुला झाला. सुमारे १४ फूट रुंदीच्या त्या वाटेवर लोकांची रीघ लागली. २०१७ साली पश्चिमेकडील तीन मैलांचा भाग खुला झाला, आणि २०३० पर्यंत वर्तुळ पूर्ण करावयाचे उद्दिष्ट आहे. रेल्वेची कथा मात्र वेगळी. २०१६ साली अटलांटाच्या मतदारांनी वाहतुकीसाठी अर्धा टक्का जादा विक्रीकर बहुमताने स्वीकारला. त्यातून या मार्गावर गाडी येईल अशी अपेक्षा होती. पूर्वेकडील वाटेवर शहरातील ट्राम वाढविण्याची आखणीही झाली. परंतु वाट लोकप्रिय झाल्यावर तिच्या शेजारी रूळ नकोत, असे म्हणणारेही पुष्कळ निघाले. मार्च २०२५ मध्ये महापौर आंद्रे डिकन्स यांनी पूर्वेकडील ट्रामला प्राधान्य देण्याचा विचार सोडून दक्षिणेकडील भागाकडे लक्ष वळविले. निर्णय-नोंदीस एक तप उलटून गेले, तरी बेल्टलाइनवर गाडी धावलेली नाही.

मोटार परवडत नसलेल्या कामगारास सुंदर पाऊलवाट पुरत नाही. त्याला कामावर वेळेत पोहोचविणारी गाडी हवी असते. कमी खर्चाचे व लवकर होणारे काम आधी झाले, की महागडे व आवश्यक काम मागे पडते, हा धोका अशा प्रत्येक जोडयोजनेत असतो.

आपल्याकडील स्थिती

आपल्या देशात पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. तिच्या अनुसूचीत महामार्ग, बंदरे, विमानतळ व रज्जुमार्ग येतात; लोहमार्ग व मेट्रो यांचा मात्र तीत समावेश नाही. वनजमीन वा अभयारण्य आड आल्यास त्या त्या कायद्याची परवानगी लागते. गोव्यातील मोले परिसरातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुपदरीकरणास वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. सखोल अभ्यास करून नव्याने प्रस्ताव मांडण्याची मुभा मात्र ठेवली. शहरी मेट्रोसाठी केंद्राच्या २०१७ च्या धोरणाने पर्यायांची तुलना करणे आवश्यक केले आहे. यास्तव ज्या शहरांत मेट्रोची कामे चालू वा प्रस्तावित आहेत, तेथील नागरिकांनी ही पर्याय-तुलना मागून घेऊन वाचणे हिताचे आहे.

गावाजवळून वा शहरातून असा मार्ग जाणार असे कळले, की पुढील प्रश्न पहिल्याच सभेत विचारावेत. या कामाची गरज काय? कोणते पर्याय तपासले, आणि काहीच केले नाही तर काय होईल? पावसाचे पाणी कोठे जाईल? भाडेकरूंचे, हातगाडीवाल्यांचे व ज्यांच्या नावावर उतारा नाही अशांचे काय? पहिला टप्पा झाला आणि पैसा संपला, तर दुसऱ्याची हमी कोणती? शिक्षकांनी हे प्रश्न वरच्या वर्गांतील मुलांपुढे नकाशासह मांडावेत. अधिकाऱ्यांनी त्यांची उत्तरे लोकांच्या भाषेत, हरकतीची मुदत संपण्याआधी द्यावीत.

अटलांटाने पाहणीच्या बळावर जमिनीचा पट्टा राखला. पट्ट्याकाठची माणसे राखणे त्याहून अवघड ठरले. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. मात्र गावाने बोलावयाचे ते आराखडा कागदावर असतानाच, रूळ पडल्यानंतर नव्हे.