नासलेले दूध केकमध्ये चालते का?

घाट उतरून आलेला कोल्हापूरचा रस्ता तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. मे महिन्यात इथे वीज गेली, की सकाळचे दूध दुपारपर्यंत फाटायला वेळ लागत नाही. सुट्टीला आलेली मुले केकचा हट्ट धरतात, पाककृतीत 'बटरमिल्क' लिहिलेले असते आणि घरात ताक नसते. मग सहज सुचते, दूध आंबटच हवे ना, हे फाटलेले आहेच!

घोटाळा इथेच होतो. लिंबू पिळून मुद्दाम फाडलेले दूध आणि आपोआप नासलेले दूध दिसायला सारखेच. पण पहिले ताजे असते, त्यात आम्ल मोजून घातलेले असते. दुसऱ्यात कोणते जिवाणू वाढले याचा पत्ता नसतो. 'भट्टीत सगळे मरते' हेही अर्धेच खरे. जिवाणू मरतात, पण स्टॅफिलोकॉकस ऑरिअससारख्या काहींनी आधीच सोडलेले विष त्या उष्णतेला पुरून उरते. उलट्या होतात त्या त्यानेच. असे दूध ओतून द्यावे.

मुळात केकला ताक कशाला? थोडे चवीला, पण खरे काम आम्लाचे. खाण्याच्या सोड्याशी आम्लाची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बुडबुडे पिठात अडकतात आणि केक फुगतो. आम्ल कमी पडले तर उरलेला सोडा तापून सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा होतो. केक पिवळट दिसतो, साबणासारखा लागतो, तो यामुळे.

ताकाची सोय सोपी आहे. एक कप, म्हणजे साधारण 240 मिलिलिटर ताज्या दुधात एक मोठा चमचा (15 मिलिलिटर) लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून 10 मिनिटे ठेवावे. दूध जरासे दाटते, कण दिसतात, तेवढे पुरे. भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे, तांब्या-पितळेचे नको. दही असेल तर लिंबूही नको, पाऊण कप दह्यात पाव कप पाणी घालून घुसळले की झाले. जेवणातले पातळ ताक मात्र इथे कमी पडते.

एवढ्याला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. त्यातून सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम येते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2,000 मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. दहा तुकड्यांत ते वाटले जाते हे खरे. पण जास्त फुगावा म्हणून चमचाभर सोडा घालणाऱ्यांनी घरातल्या रक्तदाबाच्या रुग्णाची आठवण ठेवावी.

दूध पचत नसेल त्यांना लिंबाने फाडलेल्या दुधाचा उपयोग नाही, लॅक्टोज त्यात तसेच राहते. त्यांच्यासाठी नारळाचा दाट रस आणि तेवढेच लिंबू. कोकणात आगळ घालायचा मोह होणारच, पण त्यात मीठ असते आणि सोडा लागला की त्याचा लाल रंग बिघडतो. सोलकढी वेगळी प्यावी.