एक भेग, चार मापे

वैशाखात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. काठी घातली तर हातभर आत जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या गावाकडच्या घराच्या भिंतीला अशीच एक भेग पडली. गवंड्याने गिलावा करून ती बुजवली. पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा हजर! तेव्हा म्हटले, हिचे मूळ शोधलेच पाहिजे.

प्रथम स्थापत्यशास्त्राला विचारू. त्याचे माप फुटाचे, मीटरचे. ते सांगते, काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. तिच्यावरच पाया बसवला, तर तोही वर-खाली होतो आणि भिंत तडकते.

पण माती फुगते का? हे फूटपट्टीला दिसायचे नाही. इथे मृदाशास्त्र पुढे येते. ओढ्याची वाळू आणि काळी माती दोन पेल्यांत पाणी घालून ढवळून पाहा. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. कारण चिकणमातीचा कण ०.००२ मिलीमीटरहूनही लहान असतो.

आता त्या कणाच्याही आत शिरू. हे काम खनिजशास्त्राचे. क्ष-किरणांनी त्याला आतली रचना कळते. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज विपुल असते. त्याचे थर जुन्या पोथीच्या सुट्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. एका पानाची जाडी मिलीमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकी! पाणी या पानांमध्ये शिरते, पोथी फुगते. पाणी गेले की ती पुन्हा दबते.

हे खनिज आपल्याकडे एवढे आले कोठून? यासाठी भूशास्त्राचे प्रचंड माप हवे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्यांचा काळा पाषाण आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. तो ऊन-पावसाने झिजला, कुजला आणि त्यातूनच ही माती झाली.

मग खरे शास्त्र कोणते? चारही खरी. सोनाराच्या काट्यावर लाकडे तोलता येत नाहीत आणि वखारीच्या काट्यावर सोने. भूशास्त्राचा नकाशा माझ्या अंगणात मुरूम किती खोल आहे हे सांगणार नाही. त्यासाठी खड्डाच खणावा लागेल. उलट, नुसता खड्डा खणून माती का फुगते ते कळणार नाही. प्रश्न कोणत्या मापाचा आहे हे ओळखणे, हेच शहाणपण.

गुरुजनहो, दोन पेल्यांचा प्रयोग वर्गात जरूर करा. खर्च काही नाही.

आणि आमची भिंत? ती उतरवली, काळी माती ओलांडून पाया मुरमापर्यंत नेला. त्यानंतर भेग पडलेली नाही.