पोटगीची मुदत

मालवण किनाऱ्यावर मुलाच्या पोटगीचा विषय निघाला की उत्तर बहुधा पुढच्या सणाचं मिळतं. बाप मुंबईला नाहीतर गोव्यात असतो, फोनवर म्हणतो, ‘गणपतीक येतलंय, मगे बघूया.’ गणपतीनंतर दिवाळी, मग जत्रा, मग शिमगा. वाडीतली बैठकही ‘कोर्टाची पायरी कशाला’ म्हणत आईलाच थांबायला सांगते. हे थांबणं मुलाला महागात पडतं, कारण पोटगीचा पैसा तारखेला बांधलेला आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे त्याआधी वाट पाहण्यात गेलेले महिने हिशेबात येत नाहीत. अर्जासाठी मुंबई गाठायचीही गरज नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. पत्नी राहते तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. आईबापांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क तोच. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, असंही कायदा म्हणतो. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया व मुलांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. त्यासाठी ओरोसला सिंधुदुर्गचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती.

‘पण त्याची कमाई दाखवणार कशी?’ हा आक्षेप पोकळ नाही. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामूहिक जाळ्याच्या, वाटेकऱ्याला पगाराची पावती कोण देणार? यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, एरवीही जाळ्यात काय लागेल त्यावर सगळं. मात्र ‘रजनेश’च्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं, आणि किनाऱ्यावरचा धंदा वाटतो तितका बिनकागदी नाही. नौकेची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याकडे असते, डिझेल मच्छीमार सोसायटीच्या वहीत चढतं, त्यावरच्या कराचा परतावा बँकेत येतो. पर्यटकांना खोल्या दिल्या असतील तर मोबाइलवरून आलेले पैसे खात्यात दिसतात. साक्षीपुराव्यात ‘तो खूप कमावतो’ या वाक्यापेक्षा सोसायटीच्या वहीतलं एक पान भारी ठरतं. आईला पगार असेल तरी बापाची जबाबदारी संपत नाही. दोघांच्या ऐपतीप्रमाणे खर्च वाटला जातो.

हुकूम हाती आल्यावर मात्र खरी ढिलाई सुरू होते. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी वॉरंट हवं असेल तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. तीन वर्षं गप्प बसून मग एकदम छत्तीस महिन्यांचा आकडा मांडला, तर या वाटेने शेवटचे बाराच हाती लागतात; बाकीच्यासाठी दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुलीची लांबची वाट धरावी लागते. वॉरंटनेही पैसे आले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘आत बसून आला, हिशेब मिटला’ असं चहाच्या टपरीवर ऐकू येतं, ते चूक आहे. कैद हा वसुलीसाठीचा दबाव आहे, तिने देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच कुलदीप कौर प्रकरणात स्पष्ट केलं.

बापाच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, मूल भेटू देत नाहीत तर पैसे का द्यायचे? भेटीची तक्रार खरी असू शकते. तिच्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज आहे. तो न करता मुलाची फी रोखणं म्हणजे आईवरचा राग मुलावर काढणं. दुसरी गोष्ट अधिक वजनदार: वादळात होडी गेली, काम सुटलं, तर जुनी रक्कम झेपायची कशी? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ याचसाठी आहे. परिस्थिती बदलली की रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते, आणि हे दार आईलाही उघडं आहे, कारण पहिलीतल्या मुलाचा खर्च दहावीत तोच राहत नाही. पण होडी गेल्याचं न्यायालयाला आपोआप कळत नाही. बाप अर्ज न करता नुसते पैसे बंद करतो, तेव्हा थकबाकी जुन्याच आकड्याने चढत राहते.