ही टेकाडं कुणाची?

स्टॉकहोम विद्यापीठात सोरेन येन्सन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९६४ साली त्यांनी हाती घेतलेलं काम सरळ होतं. स्वीडनमधल्या माशांच्या, पक्ष्यांच्या, माणसांच्या अंगात डीडीटी हे कीटकनाशक किती साठलंय, ते मोजायचं.

मोजायचं कसं? माशाच्या चरबीतून अर्क काढायचा आणि त्याचा इवलासा थेंब गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात सोडायचा. थेंबाची वाफ होते आणि ती एका लांबलचक, बारीक नळीतून निघते. शाळा सुटली की एखादा धूम ठोकून घर गाठतो, दुसरा खाऊच्या दर गाडीपाशी रेंगाळतो, तसंच या नळीत चालतं. ज्याची त्याची बाहेर पडायची वेळ वेगळी. एकेक पदार्थ बाहेर पडला की कागदावरची लेखणी टुणकन वर जाते आणि एक टेकाड काढते.

डीडीटीचं टेकाड दिसलं. पण त्याच्या आजूबाजूला ही आणखी टेकाडं कुणाची? दुसऱ्या कुणी ‘असेल काहीतरी’ म्हणून कागद गुंडाळून ठेवला असता. येन्सन पडले चिवट! आणि त्या टेकाडांमागचा पदार्थही तितकाच चिवट. जहाल आम्लालाही दाद देईना. डीडीटीचाच भाऊबंद असेल का?

मग त्यांनी खाशी युक्ती लढवली. संग्रहालयात पांढऱ्या शेपटीच्या गरुडांची जुनी पिसं होती, कोणत्या साली मिळाली त्याच्या नोंदीसकट. स्वीडनमध्ये डीडीटी सर्रास वापरात येण्याआधीची, १९४० च्या दशकातली पिसं तपासली, तर तिथेही टेकाडं हजर. म्हणजे डीडीटी या आरोपातून सुटलं! पुढे त्यांनी स्वतःचे, बायकोचे आणि तान्ह्या लेकीचे केस तपासले. त्यांतही तेच.

१९६६ मध्ये त्यांनी नाव जाहीर केलं: पीसीबी. ते शेतात फवारायचं कीटकनाशक नव्हतं. १९२९ पासून ते कारखान्यांत बनत होतं आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, रंगांत वापरलं जात होतं. सहज पेटत नाही, लवकर बिघडत नाही, म्हणून कारखानदार खूश. पण बिघडत नाही म्हणजे संपतही नाही ना! पाण्यातून माशात, माशातून गरुडात, आणि दर पायरीला चरबीत जास्तच साठत जातं.

१९७० च्या दशकात स्वीडनने पीसीबीवर बंधनं घातली. बाल्टिक किनाऱ्यावरच्या गरुडांच्या घरट्यांत तोवर पिल्लं फारशी दिसेनाशी झाली होती; त्यानंतर ती हळूहळू पुन्हा दिसू लागली. तिथल्या हेरिंग माशांत पीसीबी आजही मोजतात, आणि ते आजही सापडतं.