मेघातील वखार

आमचा एक पुतण्या पुण्यास क्लाउड आर्किटेक्ट आहे. गावात कोणी त्याच्या व्यवसायाविषयी विचारले, तर ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढे सांगून आम्ही बरीच वर्षे मोकळे होत असू. आमच्या लोधीखेड्यास तूर, गहू, मका आणि सोयाबीन यांच्या भावाखेरीज दुसरा विषय फारसा निघत नाही. तेव्हा अधिक खुलासा कोणी मागतही नसे. परंतु चार वर्षांपूर्वी आमच्या पेढीवर असा एक प्रसंग गुदरला की, त्याचा धंदा नीट समजून घेणे आम्हांस भाग पडले. जे समजले ते सभासद बंधूंच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या सेवेस सादर करीत आहोत.

दिवाळीस तो घरी आला असता आमच्याच गोदामात पोत्यांच्या थप्पीवर बसून त्याने विषयास आरंभ केला. ‘काकाजी, पाचशे पोती ठेवण्यासाठी पाच हजार पोत्यांची वखार बांधली तर?’ आम्ही म्हणालो, ‘दिवाळे निघेल.’ पूर्वी संगणकांचे असेच चाले. प्रत्येक कामास स्वतंत्र यंत्र, आणि त्यातील बरीचशी शक्ती रिकामी पडलेली. यावर तोडगा असा निघाला की, एकाच बलवान यंत्राचे एका खास प्रोग्रामच्या साह्याने अनेक भाग पाडावयाचे. प्रत्येक भागास वाटावे की आपणच संपूर्ण यंत्र आहोत. प्रत्येकाचे कुलूप निराळे, आणि एकाचा माल दुसऱ्यास दिसू नये. यास व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. ही युक्ती अलीकडची नव्हे. आयबीएम कंपनीत तिच्यावर १९६० नंतरच्या दशकात काम झाले व १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने तीच युक्ती साध्या पीसीवर आणली.

वखारीचे खण पडले, तेव्हा ते भाड्याने देणे ओघानेच आले. २००६ साली ॲमेझॉन कंपनीने संगणकशक्ती तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला. २०१६ साली तिने मुंबईसही ठाणे मांडले. भारत सरकारची ‘मेघराज’ ही योजना असून तिच्याखालील राष्ट्रीय क्लाउड २०१४ साली सुरू झाला. नाव मेघ असले तरी आकाशात काही नाही. सारे जमिनीवरच्या इमारतींत आहे. तेथे यंत्रे थंड राखण्याची सोय, निरनिराळ्या वाटांनी येणारी वीज आणि तीही गेल्यास जनरेटर, असा बंदोबस्त असतो.

वखारीचे खण किती पाडावयाचे हे ठरविणे, हेच पुतण्याचे काम. सर्व भाडेकरू एकाच दिवशी माल आणीत नाहीत या भरवशावर जागेपेक्षा अधिक पावत्या फाडता येतात. पण हंगाम एकदम लोटला तर फजिती होते. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याच्या २० तारखेस कशी झुंबड उडते, हे आपण सर्व जाणतोच. तो दिवस आधी ओळखून जागा राखणारा तो आर्किटेक्ट. हंगामाचा अंदाज चुकलेल्या आडत्याचे काय होते, हे आम्हांस त्याने शिकवावयास नको होते!

आता तो प्रसंग. आमचे सर्व हिशेब पेढीवरील एकाच संगणकात होते. हिशेबाची दुसरी प्रत रोज निघते, असे तो बसवून देणाऱ्याने सांगितले होते व आम्ही निश्चिंत होतो. पुतण्याने दोन वेळा विचारले होते, ‘काकाजी, दुसरी प्रत कुठे आहे?’ दोन्ही वेळा आम्ही त्याच पेटीकडे बोट दाखविले. आषाढात वीज कडाडली, दाब उसळला आणि मूळ व प्रत दोन्ही एकत्रच जळाली. सुमारे दीडशे शेतकऱ्यांची नऊ महिन्यांची खाती गेली.

आम्ही गावोगाव निरोप धाडला. लोक काट्याच्या चिठ्ठ्या घेऊन आले. एका वृद्ध शेतकऱ्याकडे बारा हजार येणे असल्याचे आम्हांस स्मरत होते. तो म्हणाला, ‘शेठजी, अठरा निघतात.’ काही आलेच नाहीत. त्यांस आम्ही दोष देत नाही. खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. ज्यांचे आमच्याकडे देणे होते त्यांस आपली रक्कम सिद्ध करण्यासाठी आमच्या दारी उभे राहावे लागले. खतावणीचे एक पान जितके आपले, तितकेच समोरच्याचेही असते, हे चाळीस वर्षे वही लिहूनही आम्ही विसरलो होतो.

त्यानंतर पुतण्याने घालून दिलेला नियम असा: प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक गावाबाहेर. गावाबाहेरची प्रत आता क्लाउडवर आहे. मात्र त्याने बजावले आहे की, भाड्याच्या वखारीतही किल्ली कोणाच्या नावे, भाडे थकल्यास मालाचे काय, आणि मुनीम सोडून गेल्यास पासवर्ड कोणाकडे, हे लिहून ठेवावे.

त्याचे छंदही याच जातीचे. घरी कपाटात एक जुने, टाकाऊ यंत्र ठेवून त्यावर त्याने सात लहान यंत्रे मांडली आहेत. ती मुद्दाम मोडतो व पुन्हा उभी करतो. पंख्याचा आवाज व विजेचे बिल यांविषयी सूनबाईंची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. रविवारी तो राजगड, तोरणा असे गड चढतो. तेथे तो पाण्याची टाकी पाहत बसतो. गडावर एकाच टाक्यावर भिस्त ठेवलेली दिसत नाही, याचे त्याला मोठे कौतुक. दिवाळीस येथे आला म्हणजे संत्र्याच्या बागेत रमतो.

गेल्या दिवाळीस वहीपूजनापूर्वी त्याने आमच्याकडून एक काम करवून घेतले. दुसऱ्याच संगणकावर गावाबाहेरची प्रत उघडावयास लावली. त्या वृद्ध शेतकऱ्याचे खाते पडद्यावर आले, बाकीसकट. मग कुंकू लावले. सभासद बंधूंनीही आपली प्रत कोठे आहे, हे एकवार स्वतः उघडून पाहावे, एवढीच नम्र विनंती.