सुरांतील करुण कोणाचा?

काही वर्षांपूर्वी मी नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस होतो. आमच्या वसाहतीत मराठी कुटुंबे पाचसहाच. परंतु महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी संगीताची बैठक जमे. ऐकावयाचे ते बहुधा आपलेच संगीत असे. एखादा ख्याल, एखादे नाट्यपद आणि शेवटी भैरवी. एकदा माझी पाळी आली तेव्हा मी, थोड्या धाडसानेच, मोझार्टच्या एका सिंफनीची जुनी तबकडी लावली. बैठकीत हिशेब खात्यातून निवृत्त झालेले एक वयस्क गृहस्थ होते. पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पहिला भाग संपल्यावर ते काही वेळ स्तब्ध राहिले आणि मग त्यांनी मला विचारले, "अहो, या माणसाला असे कोणते दुःख होते हो?"

माझे उत्तर तयार होते. मोझार्टचे कर्जबाजारीपण, त्याची दगावलेली मुले, १७९१ साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी त्याला आलेले मरण, हे सारे मी सांगून टाकले. उत्तर सर्वांना पटले. मला मात्र ते पुढे खटकू लागले. आणि ते का खटकले, हेच आज श्रोत्यांना सांगावयाचे आहे.

मोझार्ट १७८४ पासून आपल्या रचनांची नोंद स्वतःच्या हाताने एका वहीत ठेवीत असे. त्या वहीत १७८८ च्या उन्हाळ्यातील तीन सिंफनींच्या नोंदी आहेत. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली, सामान्यतः चार भागांची कृती. पहिली नोंद २६ जूनची, दुसरी २५ जुलैची आणि तिसरी १० ऑगस्टची. आज या कृती ३९, ४० आणि ४१ या क्रमांकांनी ओळखल्या जातात. याच दिवसांत मोझार्ट एका व्यापारी मित्राला उसन्या पैशांसाठी काकुळतीची पत्रे लिहीत होता; आणि २९ जूनला त्याची सहा महिन्यांची मुलगी वारली.

आता या तिन्ही कृती ऐकून पाहाव्यात. पहिली प्रसन्न आणि ऐटदार आहे. दुसरी अस्वस्थ आणि करुण. आमच्या बैठकीत लागली ती हीच. मुलीच्या मृत्यूनंतर ती पूर्ण झाली, तेव्हा तिच्यात बापाचा शोक उतरला असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु तिच्यानंतर सोळाच दिवसांनी पूर्ण झालेली तिसरी कृती तुताऱ्या आणि नगारे यांनी दुमदुमणारी आहे, आणि तिच्या अखेरच्या भागात पाच निरनिराळ्या स्वरवाक्यांचा गोफ मोझार्ट इतक्या उल्हासाने विणतो की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. मग तो शोक सोळा दिवसांत गेला कोठे? कर्ज तर फिटले नव्हते.

बेथोवनची गोष्टही अशीच आहे. १८०२ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात त्याने आपल्या दोन भावांना उद्देशून एक पत्र लिहिले. ते त्याने कधी पाठविले नाही. १८२७ साली त्याच्या मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडले. आपले कान जात आहेत, माणसांत जाण्याची आपल्याला लाज वाटते, आपण जीव देण्याच्या बेतात होतो आणि केवळ कलेने आपल्याला मागे खेचले, असा त्या पत्राचा आशय आहे. त्याच वर्षी बेथोवनने आपली दुसरी सिंफनी पूर्ण केली, आणि ती त्याच्या अत्यंत खेळकर कृतींपैकी एक आहे!

तेव्हा रचनाकाराच्या डोळ्यांतले पाणी थेट कागदावर उतरते ही समजूत सोडून द्यावी लागते. परंतु ती सोडली की पुढचा प्रश्न उभा राहतो. सुरांत भाव येतो तरी कोठून?

याचे उत्तर रचनेतच शोधले पाहिजे. मोझार्टच्या त्या चाळिसाव्या सिंफनीचा आरंभ आपल्या सरगमच्या भाषेत सांगता येतो. तिचा आधारस्वर षड्ज मानला तर मुख्य सुरावट कोमल धैवतावरून पंचमावर येते, पुन्हा येते, पुन्हा येते आणि मग वर कोमल गंधाराकडे झेप घेते. धैवतावरून पंचमावर असे उतरणे आसावरी ऐकणाऱ्याला नवे नाही. अर्ध्या स्वराची ही उतरण उसाशासारखी असते, आणि माणसाचा उसासा व्हिएन्नात काय नि वाईत काय, सारखाच. शिवाय ही सुरावट सुरू होण्यापूर्वीच व्हायोला या वाद्यांची एक दबकी, धावती लय आपल्याला ऐकू येते. म्हणजे अस्वस्थता आधी येते आणि तिचे कारण मागून. मनाचेही पुष्कळदा असेच होते.

परंतु कोमल स्वर म्हणजे दुःख, असा सरधोपट नियम करून चालणार नाही. आपल्या काफीत गंधार कोमल, निषाद कोमल; तरी होरीचा रंग काफीतच उधळला जातो. उलट शूबर्टचे उदाहरण पाहावे. हिवाळ्यात एकट्याने भटकणाऱ्या एका विफल प्रेमिकाची चोवीस गीते त्याने १८२७ साली स्वरबद्ध केली. त्यांतल्या पहिल्याच गीतात तो प्रेमिक रात्री गाव सोडून निघतो. तीन कडवी कोमल गंधाराच्या आश्रयाने जातात. शेवटच्या कडव्यात, झोपलेल्या तिची झोप मोडू नये म्हणून आपण पाऊल न वाजविता जाऊ, असे तो म्हणतो. आणि नेमक्या त्या ठिकाणी शूबर्ट गंधार शुद्ध करतो. स्वर उजळतो आणि दुःख मात्र दुणावते. ते कडवे सुटे ऐकले तर कदाचित गोड अंगाईसारखे वाटेल. तीन कडव्यांचा अंधार मागे आहे म्हणून तो उजेड सहन होत नाही.

एकाच स्वराचा अर्थ त्याच्या जागेवरून असा ठरत असेल, तर रचनाकाराचे खरे काम जागा सिद्ध करण्याचे आहे. आपण ख्याल ऐकतो तेव्हा काय होते? गायक समेपासून दूर दूर जातो, आणि तो परत केव्हा येईल याची वाट आपण पाहत राहतो. सम पडली की मान आपोआप डोलते. ती डोलते ती समेच्या मात्रेमुळे नव्हे, तर मध्यंतरीच्या प्रतीक्षेमुळे. पाश्चात्त्य रचनाकार हीच प्रतीक्षा मोठ्या पल्ल्यावर ताणतो. त्याच्यापाशी अनेक स्वर एकाच वेळी वाजविण्याचे साधन असते. त्यांचा विसंवाद तो उभा करतो आणि त्याचे निराकरण लांबवीत नेतो.

या ताणाचा परमोत्कर्ष बेथोवनच्या पाचव्या सिंफनीत आहे. ती प्रथम वाजली १८०८ च्या २२ डिसेंबरला, व्हिएन्नात, गारठलेल्या नाट्यगृहात आणि सुमारे चार तास चाललेल्या कार्यक्रमात. तिचा प्रसिद्ध आरंभ आपल्या भाषेत असा: पंचम तीन वेळा आणि त्याखाली दीर्घ कोमल गंधार. पुढे तिसऱ्या भागाच्या शेवटी सारा वाद्यवृंद हळूहळू मावळतो. तंतुवाद्ये कोमल धैवत आणि षड्ज धरून जवळजवळ निश्चल होतात आणि एकटा नगारा षड्जावर अगदी मंद ठोके देत राहतो. काही तरी होणार आहे, पण काय ते कळत नाही. व्हायोलिने अंधारात चाचपडल्यासारखी वर चढू लागतात, नाद एकाएकी फुगत जातो आणि खंड न पडता चौथा भाग उघडतो: षड्ज, शुद्ध गंधार, पंचम! तोपर्यंत गप्प बसलेले ट्राँबोन येथे प्रथमच तोंड उघडतात. आरंभी दार ठोठावणारा गंधार कोमल होता, हे ज्याच्या कानात राहिले आहे त्याला हा शुद्ध गंधार ऐकताना अंगावर काटा आल्यावाचून राहत नाही.

हे सारे योजिलेले आहे. आणि योजिलेले म्हणजे खोटे, असे मात्र कोणी समजू नये. या भेदाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. क्रौंचवधाने व्यथित झालेल्या वाल्मीकीचा शोक श्लोक झाला, ही कथा आपण सर्वजण जाणतो. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने 'ध्वन्यालोका'वरील आपल्या 'लोचन' टीकेत या कथेवर एक मार्मिक सूचना करून ठेवली आहे. हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये, असे तो बजावतो. कारण दुःखाने स्वतः होरपळणाऱ्याच्या हातून रसनिर्मिती कशी व्हावी? शोक हा भाव आहे आणि करुण हा रस आहे. भाव एकाचा असतो. रस कोणा एकाचा राहत नाही. व्हिएन्नाच्या संगीतकारांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांची कृती त्याचीच साक्ष देते.

येथे कोणी बेथोवनचेच एक उदाहरण माझ्यापुढे ठेवील. १८२५ साली तो गंभीर आजारातून उठला आणि त्यानंतर चार तंतुवाद्यांसाठी रचलेल्या एका कृतीच्या संथ भागावर, बऱ्या झालेल्या रोग्याने देवाला अर्पिलेले हे स्तोत्र आहे, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले. येथे जीवनाचा संबंध उघड आहे, आणि तो नाकारण्याचे मला कारण नाही. अनुभवाने निमित्त पुरविले. परंतु त्या निमित्ताचे त्याने काय केले ते पाहावे. त्याने जुन्या चर्चसंगीतातील लिडियन नावाची स्वरपंक्ती निवडली. तीव्र मध्यम असलेली ही पंक्ती म्हणजे आपल्या कल्याण थाटाचेच स्वर. ते संथ स्तोत्र तीन वेळा येते, दर वेळी अधिक बारीक विणीचे होऊन. आणि मध्ये दोन वेळा, नवी शक्ती आल्याचे सांगणारा चपळ भाग येतो. आजारातून उठलेली माणसे असंख्य असतात. आपले उठणे इतरांना अनुभवता येईल अशी रचना करणारा विरळा.

रचनेतील भाव ही रचनाकाराची खाजगी मिळकत असती, तर त्याचे चरित्र, त्याची भाषा, त्याचा देश जाणल्यावाचून आपल्याला तेथे प्रवेश मिळाला नसता. तो रचनेत आहे म्हणूनच गोव्यातील चर्चच्या शाळांत शिकलेल्या पिढ्यान् पिढ्या हे संगीत आपलेसे करू शकल्या आणि मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता व्हिएन्नात जाऊन ते शिकून जगभर वाजवू शकले. आपल्यालाही चरित्राचा परवाना नको. एकच कृती निवडावी, ती चारसहा वेळा ऐकावी आणि प्रत्येक वेळी एवढेच पाहावे की येथे आपण कशाची वाट पाहत आहोत आणि ते केव्हा मिळते. रागदारीवर पोसलेला कान या कामास अगदी समर्थ आहे.

त्या निवृत्त गृहस्थांच्या पत्नी त्याच वर्षी निवर्तल्या होत्या, हे मला मागाहून कळले. पुढे ते दोनतीन वेळा मुद्दाम माझ्याकडे आले. तीच तबकडी लावावयास सांगत, खुर्चीत ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत आणि चहा घेऊन जात. मोझार्टच्या दुःखाविषयी त्यांनी पुन्हा काही विचारले नाही, आणि मीही पुन्हा काही सांगितले नाही.